तेर आणि धाराशिव लेणी

तेर : धाराशिव जिल्ह्यातील तेरणा नदीकाठचे प्राचीन गाव. जुने नाव तगर. धाराशिव शहराच्या ईशान्येस सुमारे २०-२५ किमी. वारकरी याला संत गोरा कुंभार ऊर्फ गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतात, तर इतिहासाचे अभ्यासक सातवाहनकालीन पेठ म्हणून. या दोन्ही ओळखी मातीशीच येऊन मिळतात. धाराशिवजवळच्या डोंगरातील लेण्यांचा संबंध जुन्या जैन वाङ्मयाने तेरशी जोडला आहे, म्हणून त्यांचीही माहिती याच नोंदीत दिली आहे.

इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासग्रंथात दख्खनच्या दोन मोठ्या पेठा सांगितल्या आहेत, पैठण व तगर. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असा त्यातला हिशेब. तगरहून भरपूर जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराकडे जाई. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. दिशा मात्र पेरिप्लसकाराची चुकली, तेर पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. नकाशावर दोन्ही गावे सरळ रेघेने जोडली तर ती रेघ बीड जिल्ह्यातून, अगदी बीड शहराच्या आसपासून जाते. गेवराई तालुक्यातील उमापूरही याच पट्ट्यात येते. जुनी गाडीवाट नेमकी कोणत्या गावांवरून जात होती हे या रेघेवरून ठरत नाही. पण आज पैठणहून गेवराई-बीडमार्गे तेरला जाणारा माणूस त्याच मुलखातून जात असतो.

दिशेच्या या घोळामुळे तगर कोठे होते यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी देवगिरी सुचवले. भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नरचा पक्ष घेतला, तर रा. गो. भांडारकरांनी धारूर, म्हणजे बीड जिल्ह्यातलेच गाव, पुढे केले. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे मांडले आणि ते मान्य झाले. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी गावातील अवशेषांची पाहणी केली. त्यांचा वृत्तांत पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात आहे. कोकण व कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. त्यांची सत्ता समुद्राकाठी आणि पंचगंगेकाठी असताना बिरुद मात्र या गावाचे होते.

गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. शतकानुशतके वस्तीवर वस्ती बसत गेली, घरे पडली, राख-खापर साचले आणि त्याचे हे उंचवटे झाले. पावसाळ्यात एखादी दरड ढासळली की खापरांचा थर उघडा पडतो. १९५८ पासून येथे निरनिराळ्या टप्प्यांत उत्खनने झाली. बी. एन. चापेकर यांचा उत्खनन-अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सापडलेल्या भांड्यांत काळ्या-तांबड्या खापरांकडे नीट पाहावे. भांडे बाहेरून तांबडे, आतून आणि काठापाशी काळे. यासाठी दोन रंग लावलेले नसतात. भाजताना भांडे उपडे ठेवले की आतल्या बाजूला हवा मिळत नाही आणि ती धुराने काळी पडते. बाहेरच्या बाजूला हवा लागून माती तांबडी होते, असे तंत्र अभ्यासक सांगतात. खापराची मोडलेली कड पाहिली तर हा काळा-तांबडा बदल मातीच्या अंगातच दिसतो. त्याखेरीज चकचकीत तांबडी भांडी आणि बुडाशी बारीक टिंबांची वर्तुळे उठवलेली रूलेटेड भांडीही येथे मिळाली आहेत.

तेरची खरी मिरवण्याजोगी कारागिरी पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्तींत आहे. पुढचा आणि मागचा असे दोन साचे, दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, मग अर्धी अंगे जुळवून सांधायची. मूर्ती आतून पोकळ आणि हलकी राहते. बोटभर उंचीच्या स्त्रीमूर्तीत केसांची गुंफण, कानांतली जड कुंडले आणि कमरपट्ट्याचे पदर वेगवेगळे मोजता येतात. रोमी नाण्यांची नक्कल करून केलेली मातीची पदकेही आहेत. सोन्याचे नाणे गळ्यात घालणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांची हौस कुंभाराने भागवली, असा अर्थ काढायला हरकत नाही. हस्तिदंती स्त्रीमूर्ती हा तेरचा सर्वांत गाजलेला नमुना. तिचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही त्याच घडणीची मूर्ती मिळाली आहे.

यातला पुष्कळ ऐवज आज गावातच आहे, याचे श्रेय रामलिंगप्पा लामतुरे यांना. टेकाडांत, शेतांत सापडणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. त्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने चालते. तेरला येणारे बहुतेक लोक गोरोबांच्या समाधीचे दर्शन घेऊन परस्पर परततात. हे त्यांचे नुकसान आहे.

गोरा कुंभार (परंपरेनुसार १२६७-१३१७) हे ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मांदियाळीतले वयाने वडील, म्हणून ‘काका’. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवताना पायाखाली आलेल्या तान्ह्या मुलाची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. दुसरी कथा त्यांच्या धंद्याच्या अधिक जवळची. संतांच्या मेळ्यात कच्चे कोण, पक्के कोण हे पाहण्यासाठी गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले. बाकीचे गप्प राहिले, नामदेव चिडले आणि ‘हे मडके कच्चे’ असा निकाल लागला. पुढे नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केले. चैत्र वद्य त्रयोदशीला समाधीची यात्रा भरते.

थापटणे हे लाकडी हत्यार आजही कुंभाराच्या हाती असते. तळ्याची किंवा ओढ्याची माती वाळवून, चाळून, तीत लीद व राख मिसळून ती तुडवतात. चाकावरून उतरलेले मडके जाड आणि लहान असते. ते थोडे सुकले की आतून दगडी गुंडीचा आधार देत बाहेरून थापटण्याने ठोकत जातात. ठोकता ठोकता भिंत पातळ होते आणि पोट फुगते. मग गोवऱ्या-काटक्यांच्या आव्यात भाजणी. आवा उघडला की प्रत्येक भांडे बोटाने वाजवून पाहायचे. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द आवाज आला तर तडा. नामदेवांची कथा या रोजच्या कामातूनच आली असावी. संक्रांतीची सुगडे, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या आणि उन्हाळ्यातले माठ यांवर मराठवाड्यातला हा धंदा तगून आहे. रांजण आणि डेरे प्लॅस्टिकच्या टाक्यांनी घालवले.

गावातील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून मागून अर्धगोल, गजपृष्ठ आहे. मूळ ते बौद्ध चैत्य असावे, असे मत कझिन्स यांच्यापासून मांडले जाते. आत त्रिविक्रम विष्णूची पाषाणमूर्ती आहे. उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचे. त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट संग्रहालयात ठेवली आहे. जुन्या काळचे लाकूडकाम महाराष्ट्रात क्वचितच टिकले आहे, तेव्हा ती चौकट चुकवू नये.

धाराशिव लेणी : शहरापासून सुमारे ८ किमीवर, बालाघाटच्या डोंगरकड्यात कोरलेली सात लेणी. काळ साधारण इ. स. चे पाचवे-सहावे शतक. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या पाहणीत त्यांची नोंद घेतली. दुसरे लेणे सर्वांत मोठे आहे. खांबांचा प्रशस्त मंडप, सभोवार खोल्या आणि गाभाऱ्यात नागफणाखाली बसलेले पार्श्वनाथ अशी त्याची मांडणी आहे. ती अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांच्या वळणाची असल्याने लेणी मुळात बौद्ध होती की प्रथमपासून जैन, यावर एकमत नाही. खडक मऊ असल्याने झीज फार झाली आहे. अजिंठा-वेरूळ डोळ्यांसमोर ठेवून येथे येणाऱ्याची निराशा होईल.

अकराव्या शतकाच्या सुमारास मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत रचलेल्या ‘करकंडचरिउ’ या काव्यात राजा करकंड तेरापूरला येतो. डोंगरातले लेणे पाहताना त्याला मूर्तीच्या आसनावर एक गाठ दिसते. ती फोडताच पाण्याचा लोट उसळतो आणि लेणे भरून जाते. पुढे राजा त्याच डोंगरात आणखी लेणी खोदवतो. हे काव्य हिरालाल जैन यांनी १९३४ मध्ये कारंजा येथील ग्रंथमालेत संपादित केले आणि त्यातील तेरापूर म्हणजे तेर, लेणी म्हणजे धाराशिवची, हे दाखवून दिले. पाण्याच्या लोटाची कथा चमत्काराची वाटते खरी. पण डोंगरातल्या लेण्यात पाणी झिरपणे हा लेणी खोदणाऱ्यांचा नेहमीचाच त्रास होता.

येथे कुंभारकाम तेरला आणि गुहा धाराशिवला आहेत; कडा, गुहा आणि कुंभारकाम एकाच ठिकाणी पाहायचे तर स्पेनच्या अल्मेरिया प्रांतातील सोर्बास हे गाव आहे. घरे नदीवरच्या कड्याच्या टोकाला टेकलेली, गावात कुंभारांची वेगळी आळी आणि जवळच जिप्समच्या खडकात पाण्याने कोरलेल्या गुहा. तिथल्या गुहा निसर्गाच्या, धाराशिवच्या छिन्नीच्या. सोर्बासच्या गुहांचा परिसर १९८९ पासून संरक्षित आहे आणि तेथे वाटाड्यासह माणसे आत जातात. तेरची टेकाडे पाहायला अशी कोणतीही सोय नाही. वाटसरूला टेकाड कोणते आणि शेताचा बांध कोणता हेही सांगणारे कोणी भेटत नाही.

कसे जावे : उमापूर, गेवराईकडून येणाऱ्यांनी सोलापूर-धुळे महामार्गाने बीड, चौसाळा, येरमाळा, येडशी असे धाराशिव गाठावे. लेणी सकाळी पाहून दुपारी तेरला जाता येते. लेण्यांच्या वाटेवर सावली कमी असल्याने पाणी सोबत असू द्यावे. टेकाडांवरचे खापर हाती घेऊन पाहावे आणि होते तिथेच ठेवावे. कोणत्या थरात मिळाले हे हरवले की त्याचा अभ्यासाला उपयोग उरत नाही.