काटकसरी जनुकाच्या शोधात : वजनकाटा, रक्तातील मेद आणि भारतीय जनुकसंच

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांचे छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के भरली, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काट्यावर समान ठरलेली दोन शरीरे आतून इतकी निराळी कशी? या प्रश्नामागे सहा दशकांचा इतिहास आहे आणि आज तो भारताच्या जनुकसंच प्रकल्पापर्यंत येऊन पोहोचला आहे.

आरंभ १९६२ मधला. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांना एक कोडे पडले होते : मधुमेह इतका घातक आहे, तर त्याला पोषक ठरणारी जनुके निसर्गनिवडीत नाहीशी का झाली नाहीत? त्यांनी असे उत्तर सुचवले की, दुष्काळ आणि सुबत्ता आळीपाळीने येत असताना मिळेल ते अन्न साठवणारे शरीर तगून राहिले. अन्नाची ददात मिटली तेव्हा तीच काटकसर अंगाशी आली. ‘काटकसरी जनुका’ची ही कल्पना लोकप्रिय झाली, पण ते जनुक कोणते, हे मात्र कोणालाच दाखवता येईना.

१९९२ मध्ये ब्रिटनचे निक हेल्स आणि डेव्हिड बार्कर यांनी वेगळी वाट धरली. काटकसर जनुकांत लिहिलेली नसून, मातेच्या उदरात पोषण कमी पडल्याने गर्भ ती शिकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. कृश दिसणारे भारतीय शरीर जन्मापासूनच मेद जपत होते.

जनुकांचा ठोस पुरावा हाती आला तो २००७ मध्ये, आणि तोही मधुमेहाची जनुके शोधताना. युरोपीय वंशाच्या ३८ हजारांहून अधिक लोकांच्या तपासणीत १६ व्या गुणसूत्रावरील ‘एफटीओ’ या जनुकातील एका प्रकाराचा स्थूलतेशी संबंध दिसला. आई आणि वडील या दोघांकडूनही तो प्रकार मिळालेल्या प्रौढांचे वजन सरासरी ३ किलोने अधिक होते. पुढे २०१४ आणि २०१५ मधील संशोधनाने कथानकच पालटले. डीएनएचा हा तुकडा एफटीओच्या हद्दीत असला, तरी तो नियंत्रण ठेवतो दूरवरच्या ‘आयआरएक्स३’सारख्या जनुकांवर. कळ एका घरात आणि दिवा दुसऱ्या घरात, असा तो प्रकार होता.

भारतीयांची तपासणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एफटीओच्या या प्रकाराचा मधुमेहाशी संबंध आढळला. पण केवळ वाढलेल्या वजनाने त्याचे पूर्ण स्पष्टीकरण होईना. युरोपात काढलेला निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू पडत नव्हता.

रक्तातील मेदाची कथाही हाच धडा देते. एलडीएल कोलेस्टेरॉल पेशीत ओढून घेणाऱ्या ग्राहकाचा शोध मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात लावला. त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००३ मध्ये फ्रान्समधील कुटुंबांत ‘पीसीएसके९’ हे जनुक आनुवंशिकतेने वाढलेल्या कोलेस्टेरॉलशी निगडित असल्याचे कळले. मात्र औषधाची वाट दाखवली ती अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांच्या तपासणीने. त्यांच्यातील काहींमध्ये हे जनुक निकामी झालेले होते. त्यांचे एलडीएल २८ टक्क्यांनी आणि हृदयधमनीविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी असल्याचे २००६ मध्ये दिसून आले. पुढे २०१५ मध्ये या प्रथिनाला रोखणारी औषधे बाजारात आली. केवळ युरोपीय वंशाचेच लोक तपासले असते, तर हा धागा इतक्या स्पष्टपणे हाती लागला नसता.

तरीही २००९ पर्यंत अशा जनुकसंचव्यापी अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के लोक युरोपीय वंशाचेच होते. भारतीयांच्या रक्तातील मेदाचा नमुना तर निराळाच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७२.३ टक्के लोकांमध्ये हितकारक एचडीएल कमी होते, तर वाढलेले एलडीएल केवळ ११.८ टक्के लोकांत आढळले. शिवाय शतकानुशतके जातीअंतर्गत विवाह होत आल्याने इतरत्र दुर्मीळ असलेले जनुकप्रकार एखाद्या समाजात वारंवार आढळू शकतात. परक्या लोकसंख्येवरून तयार केलेला धोक्याचा गुणांक अशा देशात दिशाभूल करू शकतो : निरोगी माणसाला भयभीत करतो आणि धोक्यातल्या माणसाला निश्चिंत ठेवतो.

या पार्श्वभूमीवर ‘जीनोमइंडिया’चे महत्त्व ध्यानात येते. जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये आरंभलेल्या या प्रकल्पात देशातील २० संस्थांनी १० हजार व्यक्तींच्या जनुकसंचांचे वाचन केले. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ती फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवलेली आहे. अर्थात हा आरंभ आहे. नुसत्या जनुकसंचावरून कोणाचे रक्त कसे असेल हे कळत नाही. त्याला आहार, श्रम, जन्मवजन आणि वर्षानुवर्षांच्या तपासण्यांची जोड लागते.

आपल्या छायाचित्राविषयी लिहिताना त्या दोन शास्त्रज्ञांनीही हेच भान राखले होते. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी धावत आत शिरणे, अशी त्यांनी स्वतःचीच थट्टा केली होती. याज्ञिकांचे जन्मवजन कमी होते, हेही त्यांनी नोंदवले. आणि जनुकांचा वाटा किती, हे अजून ठरायचे आहे, असे मोकळेपणाने मान्य केले. त्याचे उत्तर शोधण्यासाठी लागणारी भारतीय सामग्री आता भारतीय विद्यार्थ्यांच्या हाताशी आली आहे.