डोमगावची प्रत आणि ग्रंथाचे स्वामित्व

परंडा तालुक्यातील सीनाकाठच्या डोमगावी समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. समर्थांनी सांगावे आणि कल्याणांनी उतरून घ्यावे, अशा रीतीने दासबोध सिद्ध झाला, असे संप्रदाय मानतो. आणि कल्याणांच्या हातची म्हणून मानलेली त्या ग्रंथाची पोथी याच मठाने पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ती छापून प्रसिद्ध केली, तेव्हापासून दासबोधाच्या पाठाविषयी वाद निघाला की ‘डोमगावची प्रत काय म्हणते?’ असे विचारण्याची चाल अभ्यासकांत पडली. २० दशक, २०० समास आणि ७,७५१ ओव्या यांच्या या ग्रंथावर कोणाही व्यक्तीचा कायदेशीर हक्क कधी नोंदला गेला नाही. ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याविषयी बोलणे निघाले असता ‘पूर्वी विद्या मुक्त होती, तोच काळ बरा’ असे म्हणणारे सद्गृहस्थ हटकून भेटतात. त्यांचे म्हणणे पारखून पाहण्यास धाराशिव जिल्ह्यातील ही पोथी फार सोयीची आहे.

त्या काळी नक्कल करणे हा अपराध तर नव्हताच, उलट ते पुण्यकृत्य होते. खुद्द दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि अक्षर वाटोळे, सुटे व एकसारखे कसे असावे, ओळी समान कशा राखाव्यात, कागद, शाई व लेखणी यांची काळजी कशी घ्यावी, याचा त्यात असा बारकाईने विचार केलेला आहे की, आपला ग्रंथ शेकडो हातांनी उतरला जाणार हे ग्रंथकर्त्याने केवळ गृहीत धरले नव्हते, तर तेच त्याला हवे होते, याविषयी शंका उरू नये. समर्थांचे निर्वाण १६८२ सालचे आणि कल्याणांचे १७१४ सालचे. आजचा हिशेब त्या काळास लावला, तर गुरूच्या ग्रंथावरील हक्क १७४२ अखेरपर्यंत चालू राहिला असता, आणि शिष्याला आपल्या उरलेल्या आयुष्यात एक पोथी उतरवून देण्यासाठीही वारसांची रजा घ्यावी लागली असती; मग गावोगावच्या मठांत दासबोध कसा पोहोचला असता?

परंतु मुक्तपणे नक्कल करण्याची मुभा म्हणजे वाटेल तसे करण्याची मुभा नव्हे, हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते. पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात पदरची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, असा कडक इशारा देऊन ठेवला. एवढा इशारा देण्याची पाळी यावी, यावरूनच लेखकूंचे हात किती स्वैर चालत असत, हे उघड होते. शिवाय त्या काळच्या चौर्याची तऱ्हाही आजच्या उलट होती. आजचा चोर दुसऱ्याची कविता घेऊन तिला आपले नाव लावतो. तेव्हाचा हौशी कवी आपली रचना एखाद्या संताच्या नावावर खपवीत असे. तेरच्या गोरोबाकाकांसारख्या संताची अभंगाच्या शेवटची नाममुद्रा हाच काय तो स्वामित्वाचा दस्तऐवज, आणि तो कोणासही बनविता येत असल्यामुळे संतांच्या गाथांतून अस्सल कोणते व प्रक्षिप्त कोणते, हे ठरविता ठरविता संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा की, ग्रंथ विकला जात नव्हता तर ग्रंथकर्त्याचा आणि लेखकूचा योगक्षेम कोण चालवीत होते? उत्तर सरळ आहे : भिक्षा, शिष्यांचा आश्रय, आणि मठ-देवस्थानांकडे चालत आलेली इनामे. सनदा व मुंतखब यांच्या आधारे जमिनीचे उत्पन्न येई, निजामाच्या राज्यात अतियात खात्याचे दफ्तर त्याचा हिशेब ठेवी, आणि त्या उत्पन्नाचा भार अखेर कुळांच्या घामावर पडे. विद्या मुक्त होती हे खरे. फुकट मात्र ती कधीच नव्हती. फरक एवढाच की, तिचे मोल वाचणारा देत नसे, शेत कसणारा देत असे, आणि त्याला बहुधा वाचता येत नसे.

छापखान्याने ही घडी मोडली. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली, आणि पुढे दोनच वर्षांनी, १८४७ साली, कंपनी सरकारने ग्रंथकर्त्यांच्या हक्कांचा पहिला कायदा केला. प्रसिद्धीपासून ४२ वर्षे अथवा ग्रंथकर्त्याचे आयुष्य व वर ७ वर्षे, यांपैकी जी मुदत अधिक भरेल तेवढा काळ हक्क राहील, असे त्यात ठरले. मग १८६७ चा पंचविसावा आक्ट आला आणि पुस्तक रजिस्टर करून सर्व हक्क स्वाधीन ठेवल्याची सूचना मराठी पुस्तकांवर सर्रास झळकू लागली. आश्रयदात्याच्या जागी ग्राहक आला होता. इनाम नसलेल्या ग्रंथकाराला या ग्राहकाच्या पैशांखेरीज दुसरा आधार नव्हता, आणि तो पैसा दुसऱ्याच छापखानेवाल्याने उचलू नये, ही मागणी सर्वथा न्याय्य होती. धाराशिव त्या काळी निजामाच्या मुलखात. इंग्रजी अमलाचे कायदे तेथे आपोआप चालत नसत. हा जिल्हा १९४८ साली निजामाच्या सत्तेतून सुटला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला, आणि २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आलेला १९५७ चा कायदा त्यालाही इतरांबरोबर लागू झाला.

या कायद्याचे छत्र मात्र सर्वांवर सारखे नाही. तुळजापूरचा गोंधळी संबळाच्या तालावर जे कथागीत गातो, त्याला एक कर्ता नाही, लिखित संहिता नाही, म्हणून मालकही नाही. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्याला त्याच्या त्या दिवसाच्या गायनावर काही हक्क मिळाला. परंतु ती चाल ऐकून शहरातील संगीतकाराने नवे गीत बांधले, तर त्या नव्या गीतास संरक्षण लाभते आणि ज्या घराण्यांनी ती चाल सांभाळली, ती कोरडीच राहतात. येथे जुना काळही बरा नव्हता आणि नवाही पुरेसा झालेला नाही.

म्हणून जुन्या काळाचा गौरव करावयाचा तर नेमका कशाचा, हे आधी ठरवावे. पाठाची शुद्धता आणि कर्त्याचे नाव यांविषयीची जुनी आस्था मोलाची होती; १९५७ च्या कायद्याच्या ५७ व्या कलमाने कर्त्याचे नाव आणि कृतीची अविकृतता यांना हक्काचे रूप दिले, हे योग्यच झाले. दोष आहे तो मुदतीचा. प्रथम आयुष्यानंतर ७, मग ५०, आणि १९९२ च्या दुरुस्तीने ६० वर्षे, अशी ती वाढत गेली. रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील हक्क संपत आले, हे त्या शेवटच्या वाढीचे निमित्त. ज्याच्या पुस्तकांना पन्नास वर्षांनंतरही ग्राहक आहे, असा लेखक विरळा. इतर शेकडो मराठी ग्रंथकारांची पुस्तके वारस सापडत नाहीत आणि प्रकाशक बंद पडले, म्हणून पुन्हा छापताही येत नाहीत. त्यांच्यासाठी साठ वर्षांचे संरक्षण म्हणजे साठ वर्षांची वाळवी. हयात लेखकाला त्याच्या श्रमाचे मोल पुरेपूर मिळावे, त्याच्यामागे वारसांना एका पिढीची सोय राहावी, आणि त्यानंतर ग्रंथ ज्याला हवा त्याला उतरून घेता यावा, असा कायदा झाला, तर ‘पूर्वीचे बरे होते’ असे म्हणण्याचे कारण फारसे कोणास उरणार नाही.