मुंबई कुणाची? डफ, बाहुली आणि परमुलखातला माणूस

महबूब हुसेन पटेल हे नाव घेतले तर आज फार थोड्यांना ओळख पटेल. शाहीर अमर शेख म्हटले की मात्र जुन्या माणसांच्या कानात तो पहाडी आवाज घुमू लागतो. १९१६ साली बार्शीत जन्मलेला हा मुलगा मोटारीवर क्लीनर झाला, गिरणीत राबला आणि पुढे मुंबईच्या कामगारवस्तीचा शाहीर झाला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊ तर वाटेगावहून पायी मुंबईला आलेले. पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे या मंडळींना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या वंदनाने होते. अण्णा भाऊंनी देवाच्या जागी मायभूमी, हुतात्मे आणि कष्टकरी आणले, गौळणही गाळली. हा बदल मला फार मोठा वाटतो. ज्या फडावर देवाधर्माची नव्हे तर घामाची ओळख विचारली जाते, तिथे मुसलमान शाहीर पाहुणा उरत नाही, घरचाच होतो. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचे वैभव गायिले होते. अण्णा भाऊंच्या मुंबईच्या लावणीत त्याच शहरातली विषमता आली. ‘माझी मुंबई’ या लोकनाट्याचे दुसरे नावच ‘मुंबई कुणाची?’ असे आहे. गावी राहिलेल्या मैनेची त्यांची छक्कड गिरणगावात इतकी का रुजली? कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाचे कुणी ना कुणी गावाकडे राहिले होते.

१९६९ साली, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने, अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही गेले. प्रश्न मात्र शहरातच राहिला. जुलै १९८१ मध्ये पदपथावर राहणाऱ्यांना हुसकावून आपापल्या मुलखात परत धाडण्याचा निर्णय झाला. तेव्हा मुख्यमंत्री अ. र. अंतुले होते, हेही आपण प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. त्याच वर्षीच्या आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या बोलपटात विलास घोगरे हा शाहीर झोपडीवाल्यांची कथा गातो. रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारानंतर जुलै १९९७ मध्ये घोगरे यांनी आत्महत्या केली.

पुढच्याच जुलैत, १९९८ साली, मुंबईतल्या बांगला बोलणाऱ्या मुसलमान मजुरांना ‘बांगलादेशी’ ठरवून रेल्वेत बसवण्यात आले. त्यांत जरीकाम करणारे कारागीर बरेच होते. बंगालमध्ये उलुबेरिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून काहींची सुटका केली. त्यांच्या बाजूने डफ वाजवायला अमर शेख नव्हते, घोगरेही नव्हते.

बाहुलीचे सामर्थ्य वेगळेच. तिच्याकडे पोलीस कागद मागत नाही. २०२१ साली ‘अमल’ नावाची साडेतीन मीटर उंचीची बाहुली, सीरियातली निर्वासित मुलगी म्हणून, तुर्कस्तानातल्या गाझियांतेपहून इंग्लंडमधल्या मँचेस्टरपर्यंत गावोगाव फिरली. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या जपल्या. त्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्या बाहुल्या रामायण-महाभारतातल्या. वनवास हा त्यांचा जुनाच विषय, त्यांना परमुलखातल्या मजुराची गोष्ट सांगायला लावणे अवघड नाही.

आणि आमच्या लोह्याचे काय? तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, लावणी, तमाशा, सारे काही असते. इतके तयार व्यासपीठ मराठवाड्यात शोधून सापडायचे नाही. पण ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. माळेगावात ढोलकी कडाडते तेव्हा उचल घेऊन कारखान्यावर गेलेली माणसे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, उसाच्या फडात, थंडीत कोयता चालवत असतात. फड हाच शब्द दोन्हीकडे. ज्यांची गोष्ट सांगायची तेच समोर नसतात, म्हणून ती गोष्ट त्यांच्या कोप्यांपर्यंत घेऊन जावी लागेल, एक डफ आणि चार बाहुल्या बैलगाडीतही मावतात.