नाटकाचं पोस्टर, इनडिझाइन आणि कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे

धानाची कापणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. ही झाडीपट्टी रंगभूमी. २०२३ साली गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्रानेही तिची दखल घेतली. देसाईगंज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं वडसा, हे या नाटक मंडळ्यांचं ठाणं. नाटक तेच असतं, पण आजचा प्रयोग एका गावात, उद्याचा दुसऱ्या. म्हणजे गाव आणि तारीख बदलून पोस्टर पुन्हा तयार.

आता अशा पोस्टरवर किती प्रकारची अक्षरं असतात ते बघा. नाटकाचं नाव सगळ्यात मोठं, मग लेखक-दिग्दर्शक, कलाकारांची नावं, गाव, तारीख, तिकीट. प्रत्येक ओळ सिलेक्ट करायची, फॉन्ट बदलायचा, साईज द्यायची, रंग द्यायचा. एका पोस्टरला हे चालून जातं. पण एकाच दिवशी पाच-सहा गावांची पोस्टरं आली की एखादी ओळ राहतेच. आणि नेमकं एखाद्या कलाकाराचं नाव बाकीच्यांपेक्षा बारीक छापलं गेलं, तर रुसवा काढायची वेळ येते!

यावर उपाय म्हणजे पॅराग्राफ स्टाईल. ओळीचं सगळं रूप एकदा ठरवून त्याला नाव द्यायचं आणि कीबोर्डवरचं एक बटण जोडायचं. विंडोजवर अ‍ॅडोबी इनडिझाइन वापरत असाल तर एफ ११ दाबा, पॅराग्राफ स्टाईलचं पॅनल उघडेल. नवीन स्टाईल घ्या, तिला ‘नाटकाचं नाव’ असं नाव द्या, फॉन्ट-साईज ठरवा. तिथेच शॉर्टकटची चौकट दिसते. तिच्यात क्लिक करून कंट्रोल धरा आणि १ दाबा. पुढे कर्सर ओळीत ठेवून हीच दोन बटणं दाबली की काम झालं, ओळ सिलेक्टही करावी लागत नाही.

बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. हा १ उजवीकडच्या नंबर पॅडवरचाच हवा आणि नम लॉक सुरू हवं. वरच्या रांगेतला चालत नाही. कंट्रोलसोबत वरचा २ दाबला तर स्टाईल लागणार नाही, उलट पान २०० टक्के मोठं दिसेल. तसं झालं तर घाबरू नका, चुकीची रांग दाबली एवढंच. लॅपटॉपला नंबर पॅड नसेल तर कंट्रोल + एंटर दाबा, स्टाईलच्या नावाची सुरुवातीची अक्षरं टाईप करा आणि एंटर मारा.

मराठीसाठी आणखी एक गोष्ट स्टाईलमध्येच बसवून टाका. ‘गडचिरोली’मधली वेलांटी ‘च’च्या पुढे जाऊन बसत असेल किंवा जोडाक्षरं फुटत असतील, तर जस्टिफिकेशनमध्ये जाऊन ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा. मात्र हे युनिकोड मजकुरासाठी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या ओळीला युनिकोड फॉन्टची स्टाईल लावली तर नुसती चिन्हंच दिसतील. मजकूर आधी कन्व्हर्ट करून घ्या.

स्टाईलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसलं, तर त्या ओळीत कुणीतरी हाताने काही बदललंय. आल्ट धरून स्टाईलवर क्लिक केलं की ओळ मूळ रूपात येते. (दुकानातला कॉम्प्युटर दोघं-तिघं वापरत असतील तर हे चिन्ह रोज दिसणार.) मंडळीने ऐनवेळी ‘नावं जरा मोठी करा’ म्हटलं तर स्टाईलमध्ये साईज बदला, त्या फाईलमधली सगळी नावं एकदम मोठी होतात.

इनडिझाइन नसेल तरी ही सोय मिळते. लिबर ऑफिस फुकट आहे, त्याच्या रायटरमध्ये कंट्रोल + १ दाबलं की पहिल्या दर्जाचं शीर्षक लागतं. वर्डमध्ये त्यासाठी कंट्रोल + आल्ट + १. या दोन्हींत वरच्या रांगेतला १ चालतो.

तारीख आणि गावाचं नाव मात्र छपाईला देण्याआधी डोळ्यांनीच वाचून घ्या. त्याला शॉर्टकट नाही.