उटण्यातील जटामांसी

दिवाळीच्या उटण्यास रंग आंबेहळदीचा; गंध वाळा, नागरमोथा, कचोरा आणि जटामांसी यांचा. यांपैकी हिमालयातील जटामांसी प्राचीन रोमन जगात ‘नार्द’ या नावाने विकली जाई. दुसऱ्या शतकातील एका पपायरसात, मुझिरिसच्या व्यापारातील जहाजावर गंगेकडील नार्दाच्या ६० पेट्या नोंदलेल्या आहेत. बेथानीच्या मरियेने ख्रिस्तचरणांस लावलेल्या नार्द तेलाचे मोल योहानकृत शुभवर्तमानात ३०० दीनार सांगितले आहे. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. एवढा खर्च कशाला, असा आक्षेप तेव्हाही निघाला होता.

आज प्रश्न निराळा आहे. सुगंध मुळात असल्याने रोपच उपटले जाते. म्हणून १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. उटण्यात जटामांसी चिमूटभरच घालावी. उरलेले काम वाळा आनंदाने करील.