तळटीप : ‘डोंबिवलीचे बुवा’

१४. ‘डोंबिवलीचे बुवा’ : पं. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७). गायक व व्हायोलिनवादक. उत्तरायुष्यात वास्तव्य डोंबिवलीत. ग्वाल्हेरची तालीम वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा यांच्याकडे; ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. घरात एवढी विद्या असूनही बुवा जयपूर गायकीसाठी भूर्जीखाँसाहेबांपुढे आणि आग्र्यासाठी विलायत हुसेन खाँसाहेबांपुढे शागीर्द म्हणून बसले. अशी ज्ञानलालसा विरळाच. संगीतातले संशोधन म्हटले की ग्रंथालये डोळ्यांपुढे येतात : युरोपात वादिका वांडा लांडोव्स्का यांनी ग्रंथालयांतली हस्तलिखिते आणि जुनी वाद्ये धुंडाळून हार्पसिकॉर्ड पुन्हा मैफलीत आणला. आपल्याकडे मात्र बंदिश कागदावर उतरली तरी तिचे वजन, शब्द टाकण्याची जागा, समेवर येण्याची रीत गुरूसमोर बसूनच घ्यावी लागते. म्हणून बुवांनी तीन घराण्यांतून मिळवलेला बंदिशींचा संग्रह मी संशोधनच मानतो. संगीताच्या इतिहासांत त्याची तशी नोंद व्हायला हवी. संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७२. शिष्यांत उल्हास कशाळकर प्रमुख. कशाळकरांनी ठाण्याच्या पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांचीही तालीम घेतली असून, त्यांच्या गाण्यात ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर ही तिन्ही घराणी आज ऐकायला मिळतात. – संपा.