बैलाआडची शांतता

मनीषनगरातून बुद्धपौर्णिमेला जंगलातल्या मचाणावर रात्र काढायला गेलेल्या कुणालाही विचारा. आधी सांगतात ते हेच: मोबाइल सायलेंट करा, अत्तर लावू नका, कुजबुजूही नका. ही विद्या तिकिटापेक्षा फार जुनी आहे.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यात पारध्यांच्या एका गटाचं नाव येतं, 'गायके'. बैलाच्या आडून सावजाजवळ जाणारे. म्हणजे जमिनीवरचं लपणच, फक्त चालतं! चरणाऱ्या गुराला हरीण बिचकत नाही. पण त्याचे कान मान न हलवताही वळतात, आणि वारा फिरला की माणसाचा वास आधी पोचतो. म्हणून वारा हरणाकडून आपल्याकडे येईल अशी बाजू धरायची, वाळक्या पानांवर पाय टाकायचा नाही, खोकला गिळायचा.

त्याच काळात परवाना काढून बंदूक घेऊन बसणारा साहेबही गप्पच असे. त्याच्या गप्प बसण्याला संयम म्हटलं गेलं, त्यावर पुस्तकं निघाली. पारध्यांच्या अनेक गटांवर मात्र गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वीस वर्षांनी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला. हरणं वाचायलाच हवी होती, त्याबद्दल माझा वाद नाही. पण बंदुकीचा परवाना बाळगणाऱ्याचं पोट शिकारीवर नव्हतं. पारध्याकडे बैल असला, तरी त्याला जुंपायला बहुतेकांकडे शेत नव्हतं.